लांब पल्ल्याच्या शर्यतीत पाणी: तहान लागल्यावर की घड्याळ लावून?

मंदगती
नमस्कार मंडळी. आतापर्यंत हाफ मॅरेथॉन पळत आले, आता पहिल्यांदाच पूर्ण ४२.१९५ किमीसाठी नाव नोंदवलंय. माझा वेग किलोमीटरला आठ मिनिटांच्या आसपास, म्हणजे साडेपाच तास तरी लागणार. सराव ठीक चाललाय, शंका पाण्याची आहे. आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत. कोच सांगतात, "तहान लागली म्हणजे उशीर झाला, प्रत्येक स्टेशनवर प्यायचंच." ग्रुपमधल्याच एक अनुभवी ताई म्हणतात, "तहान लागेल तेव्हाच प्या, उगाच पोट भरू नका." दोघंही मनापासून सांगतात आणि दोघांनीही भरपूर शर्यती पळल्यात. मार्गावर दर दोन किमीला पाण्याची सोय आहे, असं आयोजकांनी कळवलंय. नेमकं काय करू? नुसतं पाणी की इलेक्ट्रोलाइट (क्षार घातलेलं पेय)? मिठाच्या गोळ्यांचं काय? तुम्ही काय करता आणि का करता तेही लिहा, नुसतं "हे करा" नको.

घाटवाट
कोचचं बरोबर आहे. घड्याळ लावून प्यायचं. मी दर वीस मिनिटांनी साधारण १५० मिली घेतो, तहान असो वा नसो. शर्यतीच्या नादात तहान जाणवत नाही आणि जाणवते तेव्हा पोट पाणी घ्यायला तयार नसतं. पहिल्या दहा किमीत न प्यायलेलं पाणी पस्तिसाव्या किमीला वसूल होतं. अभिनंदन आणि शुभेच्छा!

रानवारा
ताईंच्या बाजूने माझं मत. तहान ही शरीराने दिलेली सूचना आहे, ती कामाची नसती तर माणूस इथवर पोचला नसता. मी ५० किमी आणि त्यावरच्या शर्यती पळतो, घड्याळ बघून कधीच पीत नाही.

उन्हाळी
वाचतेय. माझाही हाच प्रश्न होता.

गणिती_किडा
आधी हिशेब करू या, मग वाद घालू.

दर दोन किमीला स्टेशन म्हणजे अख्ख्या मार्गावर साधारण २० स्टेशनं. प्रत्येक ठिकाणी २०० मिलीचे दोन ग्लास घेतले तर ८ लिटर झाले. साडेपाच तासांत ८ लिटर म्हणजे ताशी जवळजवळ दीड लिटर. मंदगती, तुमच्या वेगाला घाम ताशी ६०० मिलीच्या आसपास धरला तर एकूण गेलं ३.३ लिटर. उरलेलं साडेचार लिटरहून जास्त पाणी कुठे जाणार?

आता तेच "प्रत्येक स्टेशनवर दोन ग्लास" तीन तासांत संपवणाऱ्या माणसाला लावून बघा. तो दर साडेआठ मिनिटांनी स्टेशनवर पोचतो. पळता पळता ग्लास उचलतो, अर्धा अंगावर सांडतो, दोन घोट पोटात जातात. सल्ला तोच, पण त्याला त्याने काही होत नाही, आणि चालत-पळत जाणाऱ्या माणसाला निवांत थांबून दोन्ही ग्लास संपवायला वेळ असतो.

घामाचा ६०० मिलीचा आकडा मी अंदाजाने घेतलाय. तो प्रत्येकाचा वेगळा असतो आणि घरी मोजता येतो, ते खाली कोणीतरी लिहीलच.

नाडीपरीक्षा
गणिती_किडा यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी डॉक्टर आहे आणि शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रक्तात सोडियमचं प्रमाण साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असतं. जितकं पाणी बाहेर टाकता येतं त्याहून जास्त पीत राहिलं की रक्त पातळ होतं आणि हे प्रमाण घसरतं. याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. आता कोणी म्हणेल, जास्तीचं पाणी लघवीतून जाईल की! एरवी जातं. पण लांब शर्यतीत शारीरिक ताण, वेदना, मळमळ यांच्यामुळे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढलेलं असतं आणि ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी धरून ठेवा. त्यामुळे एरवी सहज निभावणारं पाणी त्या दिवशी अंगात साठतं. सोडियम घसरलं की पाणी पेशींमध्ये शिरतं. बाकी अवयव थोडी सूज सोसतात, मेंदू कवटीत बंद असतो, त्याला फुगायला जागाच नाही. मग डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपण, झटके, आणि वेळेत ओळखलं नाही तर मृत्यू.

बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं, आणि ०.६ टक्के लोकांचं १२० किंवा त्याखाली, म्हणजे जिवावर बेतेल इतकं. सगळ्यात ठळक संबंध दिसला तो शर्यतीत वजन वाढण्याशी. त्याबरोबर चार तासांहून जास्त वेळ लागणं, आणि शरीर उंचीच्या मानाने फार हडकुळं किंवा फार वजनदार असणं. म्हणजे धोका पुढच्यांना कमी आणि मागच्यांना जास्त. मंदगती, साडेपाच तास म्हणजे तुम्ही त्याच गटात येता, म्हणून तुम्हाला "प्रत्येक स्टेशनवर प्यायचंच" हे मी मुळीच सांगणार नाही.

मंदगती
बापरे. मला वाटत होतं जास्त प्यायलं तर फार तर टॉयलेटची रांग लागेल. पण मग मी इलेक्ट्रोलाइट पेयच घेतलं तर? त्यात सोडियम असतंच ना?

नाडीपरीक्षा
असतं, पण किती? बाजारातल्या नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये सोडियम साधारण २० मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास, आणि रक्तात १४०. म्हणजे ते पेयसुद्धा रक्ताच्या मानाने पातळच. ते भरमसाट प्यायलं तरी रक्त पातळच होणार, फक्त किंचित सावकाश. बोस्टनच्या त्याच अभ्यासात लोक साधं पाणी प्याले की स्पोर्ट्स ड्रिंक, यावरून फरक दिसला नाही. किती प्याले ते महत्त्वाचं ठरलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये २००२ पासून सोडियम ७५ मिलिमोल आहे. तेही रक्ताच्या साधारण निम्मंच, आणि ते जुलाबाच्या रुग्णांसाठी बनवलंय. शर्यतीत कोणाला घ्यायचं असेल तर घ्या, पण "ओआरएस आहे, कितीही चालेल" असं नाही.

घाटवाट
डॉक्टर, तुमचं म्हणणं मान्य आहे, तरी माझा मुद्दा सोडत नाही. मी तीन तास दहा-पंधरा मिनिटांत संपवतो. उकाड्यात माझा घाम ताशी दीड लिटर जातो, मोजलेला आहे. तहानेवर सोडलं तर मी शेवटी तीन-साडेतीन टक्के वजन घालवून बसतो आणि शेवटच्या दहा किमीत हृदयाचे ठोके वेग न वाढवता वर चढत जातात. घड्याळाने प्यायलो की ते जाणवण्याइतकं कमी होतं. हा माझ्या शरीराचा अनुभव आहे, तो खोटा कसा म्हणू? आणि दर वीस मिनिटांना १५० म्हणजे ताशी ४५० मिली, घामाच्या जेमतेम एक तृतीयांश. यात पाणी साठण्याची भीती कुठे आहे?

नाडीपरीक्षा
नाही म्हणतच नाहीये. वेगवान, भरपूर घाम येणाऱ्या, उन्हात पळणाऱ्या माणसाने आधी मोजून योजना आखली तर ती उपयोगाची आहे. घाम जास्त जात असेल तर रक्ताचं आकारमान कमी होतं, एका ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं आणि ठोके वाढतात. तुम्ही जे बघताय ते खरं आहे. माझी हरकत आहे ती तुमची योजना मंदगतींनी जशीच्या तशी उचलण्याला.

जुनापानी
थोडा इतिहास, कारण हा वाद आजचा नाही.

१९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर झाली. अख्ख्या वाटेवर पाणी मिळण्याच्या जागा एक-दोनच होत्या, आणि तेही मुद्दाम. आयोजनातल्या प्रमुख माणसाला पाण्याविना शरीर कसं वागतं ते बघायचं होतं. ३२ जण सुटले, १४ जणांनी पूर्ण केली. जिंकलेल्या थॉमस हिक्सने वाटेत पाणी मागितलं तर सोबतच्यांनी प्यायला न देता ओल्या स्पंजने तोंड पुसलं, आणि वर अंड्याचा पांढरा बलक व स्ट्रिकनीन दिलं. स्ट्रिकनीन हे विष आहे!

त्यानंतरही कित्येक वर्षं "न पिता पळणं म्हणजे दमदारपणा" असंच मानत होते. मग काटा दुसऱ्या टोकाला गेला. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी गेटोरेड बनवलं, स्पोर्ट्स ड्रिंकचा धंदा उभा राहिला आणि पिण्याचा आग्रह वाढत गेला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या १९९६ च्या सूचनांत घामाइतकं किंवा सोसेल तितकं प्या, असाच सूर होता आणि ताशी १२०० मिलीपर्यंतचा आकडा होता. मंदगती, तुमच्या कोचांनी बहुधा त्याच काळात शिकलेलं आहे, त्यांचा दोष नाही.

याउलट दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स ही साधारण ९० किमीची शर्यत होते, तिथल्या रुग्णांवरून टिम नोक्स यांनी १९८५ मध्येच लिहिलं होतं की हे लोक जास्त पाणी पिऊन आजारी पडतायत. त्यांचं म्हणणं मान्य व्हायला बरीच वर्षं गेली. २००७ मध्ये अमेरिकन कॉलेजने सूचना बदलल्या: घामाचा वेग मोजा, दोन टक्क्यांहून जास्त वजन घालवू नका आणि वजन वाढू तर मुळीच देऊ नका. २०१५ मध्ये हायपोनॅट्रेमियावर काम करणारे तज्ज्ञ एकत्र बसले, त्यांनी सरळ तहानेनुसार प्या असं सांगितलं.

रानवारा
जुनापानी, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

तळपाय
त्या "दोन टक्क्यांवर गेलं की कामगिरी घसरते" याबद्दल एक. इथिओपियाचा नामवंत धावपटू हाइले गेब्रसेलासी २००९ ची दुबई मॅरेथॉन जिंकला तेव्हा त्याचं वजन जवळपास दहा टक्के घटलं होतं, हे संशोधकांनी नोंदवलंय. म्हणजे दोन टक्क्यांची रेघ काही दगडावरची नाही. शिवाय स्नायूंतल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ते वापरलं गेलं की पाणी सुटं होतं. त्यामुळे शर्यतीत एखाद-दीड किलो वजन कमी होणं म्हणजे लगेच शरीर कोरडं पडलं असं नाही.

घाटवाट
गेब्रसेलासीचं उदाहरण आपल्याला लावायचं म्हणजे अवघड आहे. तो जास्त प्याला असता तर आणखी जोरात पळाला असता का, हे कोणालाच सांगता येणार नाही.

तळपाय
तेही खरं.

पाणपोई
मी पळत नाही, पण शर्यतीत पाण्याच्या टेबलावर नेहमी उभी असते. तिथून दिसलेलं सांगते, कदाचित कामी येईल.

सगळे जण पहिल्या टेबलावर तुटून पडतात. तिथे धक्काबुक्की, सांडलेलं पाणी, घसरणं. पुढची टेबलं रिकामी असतात, तिथे या. ज्याच्या हातून ग्लास घ्यायचा त्याच्याकडे आधीच बोट दाखवा आणि नजर द्या, म्हणजे तो हात पुढे धरून ठेवतो. कागदी ग्लासची कड चिमटीत धरून दाबली की चोच तयार होते. त्या चोचीतून पळता पळता पिता येतं, नाकात जात नाही. पण तुम्हाला वेळेची घाई नसेल तर सरळ चालत प्या. दहा-बारा सेकंद जातात, ठसका लागत नाही. ग्लास टाकताना मागे कोणी नाही ना ते बघा आणि पिंपाजवळ टाका, ओल्या ग्लासवरून पाय सटकतात.

आणि एक गोष्ट फार मनाला लागते. मागून येणाऱ्यांना कधीकधी पाणीच उरत नाही. पुढचे लोक डोक्यावर ओतायला दोन-दोन ग्लास उचलतात, मोजणी चुकते, आणि जे सगळ्यात जास्त वेळ उन्हात आहेत त्यांच्यासाठी टेबल कोरडं. एका शर्यतीत आम्ही हात जोडून "पुढच्या स्टेशनला मिळेल" सांगत होतो आणि पुढे काय आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं. आयोजकांनी शेवटच्या माणसाचा हिशेब आधी धरायला हवा. तो पूर्ण पैसे भरून आलेला असतो आणि त्यालाच पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते.

शेवटचा_पेसर
पाणपोईताई, तुमच्यासारख्यांमुळे आमच्या शर्यती पार पडतात. मी कटऑफच्या पेसरचं काम करतो, म्हणजे शर्यतीची वेळमर्यादा संपता संपता पोचेल अशा वेगाने सगळ्यात मागच्या गटाबरोबर असतो. ताई म्हणतायत ते शंभर टक्के खरं. म्हणून माझ्या गटाला मी आधीच सांगतो, ५०० मिलीची मऊ बाटली कमरेच्या बेल्टला किंवा व्हेस्टमध्ये लावा. बाटली जवळ असली की आणखी एक फायदा होतो. स्टेशन दिसलं म्हणून प्यायची सवय सुटते. पुढे मिळेल की नाही या धास्तीनेच लोक दिसेल तिथे पोटभर पितात.

मागच्या गटात मी दोन्ही प्रकार बघतो. तोंड सुकलेले, बोलायचं सोडून दिलेले लोक असतात. आणि पोट डचमळतंय, बोटं सुजून अंगठी रुतलीय, घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केलाय, तरीही पुढच्या टेबलावर परत ग्लास हातात, असेही असतात. दुसऱ्या प्रकारच्यांना थांबवणं जास्त कठीण. त्यांना वाटतं मळमळतंय म्हणजे पाणी कमी पडलं.

उन्हाळी
अंगठी रुतणं हे लक्षण मला माहीतच नव्हतं. सरावात बोटं सुजतात ती हात खाली लोंबकळल्यामुळे असं समजत होते.

नाडीपरीक्षा
नुसती बोटं किंचित सुजणं हे बऱ्याच जणांना होतं आणि एकट्या त्यावरून काही ठरवता येत नाही. पण सूज, पोट डचमळणं, मळमळ, डोकं दुखणं हे एकत्र आलं आणि तुम्ही भरपूर प्यायलेले आहात, तर पिणं थांबवायचं. लघवी होईपर्यंत थांबा.

गणिती_किडा
घाम मोजायची पद्धत कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

लघवीला जाऊन या. कमीत कमी कपड्यांत वजन करा. शर्यतीच्या वेगाने आणि शक्यतो तशाच हवेत एक तास पळा. किती प्यायलात ते मोजून ठेवा. परत आल्यावर अंग कोरडं पुसा, घामेजलेले कपडे काढा आणि पुन्हा वजन करा. समजा आधी ६२.० किलो, नंतर ६१.३ आणि मधे ३०० मिली प्यायलात. घटलेलं ७०० आणि प्यायलेलं ३००, मिळून घाम ताशी एक लिटर. थंडीत एकदा, उकाड्यात एकदा असं मोजा, आकडा खूप बदलतो. मिळालेला आकडा ही वरची हद्द समजा. तेवढं प्यायलाच हवं असा त्याचा अर्थ नाही, त्याच्यावर मात्र कधीच जायचं नाही.

मंदगती
हे लगेच करून बघते. वजनकाटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो, चालेल ना?

गणिती_किडा
चालेल. काटा दोन्ही वेळा एकाच जागी, कडक फरशीवर ठेवा.

कुंपण
एक प्रश्न. पळताना पायात गोळे येतात ते पाणी आणि मीठ कमी पडल्यामुळेच ना? माझी बायको प्रत्येक शर्यतीत मिठाच्या गोळ्या खाते आणि तरी तिसाव्या किमीनंतर पोटऱ्या धरतात.

तळपाय
"तरी धरतात" यातच उत्तर आहे. गोळे आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंच्या रक्तातलं सोडियम आणि पाण्याची घट तपासली तेव्हा दोन गटांत सांगण्याजोगा फरक निघाला नाही. सध्या जास्त मानलं जाणारं कारण म्हणजे थकलेल्या स्नायूवरचं चेतासंस्थेचं नियंत्रण बिघडणं. म्हणून सरावाच्या मानाने जास्त वेगाने सुटलेल्यांना ते हमखास येतात. २०१० मध्ये एक गमतीदार प्रयोग झाला होता. विजेच्या झटक्याने आणलेला गोळा काकडीच्या लोणच्यातलं आंबट-खारं पाणी प्यायल्यावर लवकर सुटला, इतका लवकर की ते पाणी पोटातून रक्तात पोचायलाही वेळ मिळाला नसेल. म्हणजे काम मिठाचं नव्हतं, घशातल्या चवीच्या झटक्याने मज्जातंतूंकडून काहीतरी घडलं असावं.

वहिनींना सांगा, पहिले दहा किमी थोडे हळू काढा आणि पोटऱ्यांचे व्यायाम वाढवा. गोळा आलाच तर थांबून स्नायू ताणून धरा.

रानवारा
मिठाच्या बाबतीत तळपाय यांच्याशी पूर्ण सहमत नाही. मॅरेथॉनपुरतं ठीक. दहा-बारा तासांच्या पुढे गेलं की मीठ लागतंच. काहींचा घाम इतका खारट असतो की टोपीवर, पाठीवर पांढरे पट्टे उमटतात. घामातलं सोडियम माणसागणिक तिप्पट-चौपट बदलतं. मी मात्र गोळ्यांपेक्षा खारट खाण्यातून घेतो, कारण तितक्या वेळात पोटात काहीतरी जायलाच हवं. आणि मिठाने जास्त प्यायलेलं निस्तरत नाही, उलट आणखी तहान लागते.

वेस्टर्न स्टेट्स या १०० मैलांच्या शर्यतीत वर्षानुवर्षं वाटेत धावपटूंची वजनं करत असत. वजन वाढलेलं दिसलं की तेही धोक्याचं धरत. चालू शर्यतीत वजन वाढायला कारण एकच, गरजेपेक्षा जास्त पाणी.

घाटवाट
जेलबद्दल (पळताना ताकदीसाठी घेतात ती साखरेच्या घट्ट पाकाची पुडी) कोणी बोललं नाही. जेल नेहमी साध्या पाण्याबरोबर घ्या, स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर नको. दोन्हीतली साखर एकत्र झाली की पोटातलं मिश्रण फार घट्ट होतं, ते पुढे सरकत नाही आणि पोटात कळा येतात. स्टेशन दिसायला लागलं की जेल फोडा, म्हणजे पाणी लगेच हाताशी येतं. आणि शर्यतीत जे पेय देणार आहेत तेच सरावात घेऊन बघा. पोटालासुद्धा सराव लागतो.

उन्हाळी
शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत भरपूर पाणी पिऊन ठेवावं का? आमच्याकडे सगळे मोठमोठ्या बाटल्या घेऊन फिरतात.

नाडीपरीक्षा
नको. पाणी साठवून ठेवता येत नाही. जास्तीचं लघवीतून जातं आणि तुम्ही सुटतानाच थोडं कमी सोडियम घेऊन सुटता. नेहमीसारखं प्या. शर्यतीच्या तीन-चार तास आधी वजनाच्या दर किलोला ५ ते ७ मिली, म्हणजे साठ किलोच्या माणसाने ३०० ते ४०० मिली, सावकाश घ्यावं. मग सुटायच्या आधी एकदा मोकळं व्हायला वेळ मिळतो. लघवी फिकट पिवळी असेल तर झालं. ती पाण्यासारखी पांढरी व्हायलाच हवी असा हट्ट नको. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या असतील तर रंग गडद दिसेल, त्याने घाबरू नका.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगते. शर्यतीच्या सकाळी किंवा वाटेत आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. आधीच घाम आणि उष्णता यांचा ताण असतो, त्यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते आणि पाणी बाहेर टाकायची क्षमताही घटते. गुडघा गोळीशिवाय पळू देत नसेल तर त्या दिवशी पळायचं नाही.

घाटवाट
डॉक्टर, उष्माघाताचं काय? तो तर पाणी कमी पडल्यामुळेच होतो. सगळे "कमी प्या" ऐकून गेले तर तिकडे माणसं पडतील अशी मला खरोखर काळजी वाटते.

नाडीपरीक्षा
काळजी रास्त आहे. पण श्रमामुळे होणारा उष्माघात मुख्यतः शरीर जितकी उष्णता तयार करतं तितकी बाहेर न पडल्याने होतो. पाण्याची कमतरता त्यात भर घालते, पण नीट पाणी प्यायलेल्या माणसालाही तो होतो, आणि दहा किमीच्या शर्यतीतही होतो, जिथे शरीर कोरडं पडायला वेळच मिळत नाही. त्यामुळे उकाड्यात पहिला उपाय वेग कमी करणं हा आहे. दुसरा, दहा ते चौदा दिवस त्या हवेत सराव करून शरीर रुळवणं. रुळलेल्या शरीराला घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. पाणी त्यानंतर.

शरीराचं आतलं तापमान ४० अंशांवर आणि माणूस असंबद्ध बोलतोय, लडखडतोय, तर पाणी पाजत बसू नका. बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवा, टब नसेल तर गार पाण्याचा मारा करा. आधी थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. या क्रमाने जीव वाचतात.

पाणपोई
आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर धाडकन पडतात ते? ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

नाडीपरीक्षा
ते बहुतेकदा साधं असतं. पळताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की ते बंद होतं, रक्त पायात साठतं, रक्तदाब पडतो. आडवं करून पाय उंच धरले की काही मिनिटांत बरे होतात. म्हणून रेषेपलीकडे थांबू नका, चालत राहा. जो रेषेच्या अलीकडे पडतो त्याची काळजी जास्त.

मंदगती
सगळ्यांचे मनापासून आभार. घाम मोजला. सकाळच्या गारव्यात ताशी ५५० मिली, आणि ऊन चढल्यावर ७५० निघाला. त्यावरून असं ठरवलंय: ५०० मिलीची बाटली जवळ ठेवायची, तहान लागेल तेव्हा घोट घ्यायचे, बाटली रिकामी झाली की स्टेशनवर भरायची. ताशी एका बाटलीच्या वर जायचं नाही. जेल पाण्याबरोबर. मिठाच्या गोळ्या नाहीत. कोचांना हा धागा दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला आणि ग्रुपमधल्या सगळ्यांची वजनं करायचं ठरवलंय, पण उन्हात प्रत्येक स्टेशनवर एक घोट तरी घ्याच, हे त्यांचं कायम आहे.

घाटवाट
एक घोट घ्या की. कोचांचा मान राहील आणि घसाही ओला होईल :)

कुंपण
मी शेवटच्या रेषेपाशी बायकोची वाट बघत उभा असतो. आतापर्यंत ती आली की पहिलं काम म्हणजे पाण्याची बाटली हातात देणं. आता वाचून धास्ती बसली. बाहेरून बघून मला कसं कळणार की तिला पाणी कमी पडलंय की जास्त झालंय?

नाडीपरीक्षा
कुंपण, बाटली द्यायच्या आधी तिच्याशी बोला. ती नीट उत्तरं देतेय, तहान लागली म्हणतेय, तोंड कोरडं आहे, तर खुशाल द्या, सावकाश पिऊ द्या आणि बरोबर काहीतरी खारट खाऊ द्या. दमलेली आहे पण भानावर आहे, तर आधी चालवा.

पण डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, बोलण्यात गोंधळ आहे, किंवा ती नेहमीसारखी वागत नाहीये असं तुम्हाला नुसतं वाटलं तरी, पाणी देऊ नका आणि थेट तंबूत आणा. बाहेरून बघून आम्हालाही खात्रीने सांगता येत नाही, रक्तातलं सोडियम तपासावंच लागतं. तुम्ही तिथे तीन गोष्टी सांगितल्यात तर फार मदत होते: वाटेत साधारण किती प्यायली, शेवटची लघवी कधी झाली आणि कुठली गोळी घेतली का. सोडियम तपासल्याशिवाय सलाईन लावू नका, असं न लाजता म्हणा. सोडियम घसरलेल्या माणसाला नेहमीचं सलाईन भराभर दिलं तर बिघडू शकतं. त्याला लागतं ३ टक्क्यांचं तीव्र सलाईन, तेही थोडं थोडं.

शर्यतीच्या आदल्या दिवसाचं तिचं वजन आणि तुमचा फोन नंबर तिच्या बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या) मागे पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवा. तुम्ही गर्दीत अडकलात तरी आम्हाला ते वाचता येतं.

कुंपण
लिहितो. पेन पिशवीत टाकलं पण.